दिसताच फवारावे : गव्हावरील खोडकिड्याविषयीच्या मराठी सल्लालेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने कथा, कविता, कादंबरी, नाटक आणि आत्मचरित्र यांना जेवढी जागा दिली, तेवढी माहितीपर गद्याला कधीच दिलेली नाही. वैचारिक निबंधापर्यंत ती येते आणि तेथे थांबते. घडीपत्रिका, कृषिदैनंदिनी, दैनिकातील शेतीचे पान, शेतकरी मेळाव्यात वाटली जाणारी पुस्तिका हे सारे लेखन 'वाङ्मय' नव्हे, म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेरचे, असा एक अलिखित संकेत रूढ झाला आहे. वस्तुतः ज्याच्या एकेका वाक्यावर वाचक दुसऱ्या दिवशी सकाळी कृती करतो, असे गद्य मराठीत फार थोडे आहे आणि त्यात या लेखनाचा क्रम बराच वरचा लागतो. कादंबरीतील चुकीचे विशेषण वाचकाला खटकते. सल्ल्यातील चुकीचे क्रियापद त्याला खर्चात पाडते.

प्रस्तुत लेखात गव्हाच्या खोडात शिरणाऱ्या किडीच्या व्यवस्थापनाविषयी मराठीत जो सल्ला दिला जातो, त्याच्या भाषेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. लेखक मराठीचा अध्यापक आहे, कीटकशास्त्रज्ञ नाही. किडीविषयीची माहिती त्या शास्त्रात सर्वमान्य असलेलीच येथे घेतली आहे. वाक्यरचना आणि संज्ञा यांविषयीची मते मात्र लेखकाची आहेत. कोणतीही एक पुस्तिका वा संस्था लक्ष्य करण्याचा हेतू नाही. दोष व्यक्तीचा असता तर तो शुद्धिपत्राने भागला असता. तो लेखनप्रकाराचा आहे, म्हणूनच त्याची चर्चा येथे करावीशी वाटते.

या विषयाकडे मी वळलो तो ग्रंथालयातून नव्हे. आमच्या घरी नाशिक जिल्ह्यात मका निघाल्यावर त्याच रानात गहू पेरला जातो. काही वर्षांपूर्वी पेरणीनंतर तीन आठवड्यांनी गव्हात मधूनमधून पिवळे पोंगे दिसू लागले. चुलत्यांनी घरातली एक जुनी पुस्तिका माझ्यापुढे टाकली आणि मोठ्याने वाचायला सांगितले. प्रादुर्भाव दिसताच फवारणी करावी, अशा आशयाचे वाक्य मी वाचले. त्यांनी विचारले, "दिसताच म्हणजे काय दिसताच रे? अळी, का हे वाळलेलं?" मला उत्तर देता आले नाही. पुस्तिकेतही ते नव्हते.

'दिसताच' या अव्ययाचा प्रश्न

चुलत्यांचा प्रश्न व्याकरणाचा वाटला तरी तो किडीच्या जीवनक्रमाचा आहे. गव्हाच्या खोडात शिरणारी आपल्याकडील प्रमुख अळी म्हणजे गुलाबी खोडकिडा. शास्त्रीय नाव सेसॅमिया इन्फेरेन्स. तिचा पतंग गवती रंगाचा असतो. मादी अंडी उघड्या पानावर घालत नाही. पानाचा जो भाग खोडाला वेढून असतो, त्याच्या आणि खोडाच्या मधल्या फटीत ती अंड्यांच्या ओळी लपवते. अळ्या बाहेर पडल्यावर प्रथम त्या आवरणाच्या आतच कुरतडतात आणि मग खोड पोखरून आत शिरतात. पीक लहान असताना मधला पोंगा वाळतो, त्याला आपण पोंगेमर म्हणतो. पीक निसवल्यावर अळी आत असेल तर ओंबी दाण्यावाचून पांढरी पडते. एक फुटवा खाऊन झाला की अळी दुसऱ्यात जाते.

आता 'दिसताच' कोठे बसवायचे? अंडी दिसत नाहीत. कोवळी अळी दिसत नाही. दिसतो तो वाळलेला पोंगा, आणि तो दिसतो तेव्हा अळी खोडात सुरक्षित बसलेली असते. अंगाला लागून मारणारे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पांढरी ओंबी दिसते तेव्हा तर त्या फुटव्यापुरते सर्व संपलेले असते. मावा किंवा तुडतुडे यांच्या बाबतीत 'दिसताच' हे अव्यय सार्थ आहे, कारण ती कीड पानावर उघडी असते. जी कीड न दिसण्यावरच जगते तिच्या बाबतीत हेच अव्यय वापरणे म्हणजे साच्यातून वाक्य काढणे होय. 'प्रादुर्भाव' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच प्रकट होणे असा आहे. प्रकट न होणाऱ्या किडीचा प्रादुर्भाव दिसण्याची वाट पाहायला सांगणारे हे वाक्य व्युत्पत्तीच्याही दृष्टीने स्वतःशी भांडते. असो.

या ठिकाणी सल्ल्याने एक साधी कृती सांगायला हवी होती, ती बहुधा सांगितली जात नाही. वाळलेला पोंगा उपटून पाहावा, आणि त्याचे टोक व खोडाचा आतला भाग तपासावा. डोके आणि पाय असलेली गुलाबीसर अळी व भुश्यासारखी विष्ठा आढळली तर तो खोडकिडा. बुडाशी कुजट वास आणि बिनपायांची, डोके न दिसणारी लहान अळी आढळली तर ती खोडमाशी. पोंग्याऐवजी सगळे झाडच मुळे कुरतडलेल्या अवस्थेत सहज हाती आले तर वाळवीचा विचार करावा. तिन्ही प्रकारांत दुरून दिसणारे चित्र जवळजवळ सारखे, उपाय मात्र सर्वस्वी वेगळे. पाहणे ही कृती सल्ल्याच्या गद्यातून गळाली आहे आणि फवारणे तेवढे उरले आहे.

लोंबी, ओंबी आणि उसना परिच्छेद

प्राचीन पोथ्यांच्या पाठचिकित्सेत लेखनिकाच्या एखाद्या चुकलेल्या शब्दावरून मूळ प्रत कोणती, याचा माग काढला जातो. ही पद्धत घडीपत्रिकेलाही लागू पडते, असा माझा अनुभव आहे. आमच्या भागात गव्हाला ओंबी, भाताला लोंबी आणि ज्वारी-बाजरीला कणीस येते. प्रदेशपरत्वे गव्हाचीही लोंबी म्हटली जाते, हे मान्य. म्हणून केवळ या एका शब्दावरून निकाल देऊ नये. परंतु गव्हाच्या प्रकरणात 'लोंबी' आली आणि पाठोपाठ 'पळींज' किंवा 'पांढरी पिशी' हेही शब्द आले, की परिच्छेद भाताच्या प्रकरणातून उचलला आहे, याविषयी शंका राहत नाही.

शब्द उसना असता तर बिघडले नसते. उपायही उसना येतो, तेथे अडचण सुरू होते. भातावरील पिवळा खोडकिडा ही निराळी कीड आहे. ती भातावरच जगते आणि अंड्यांचे पुंजके पानाच्या शेंड्याकडे उघड्यावर घालते. म्हणूनच लावणीपूर्वी रोपांचे शेंडे छाटून नष्ट करण्याचा उपाय भातात अर्थपूर्ण ठरतो आणि ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाची अंडी असलेली कार्डे शेतात लावली तर त्या चिमुकल्या माशीला यजमान अंडे सापडते. गव्हाची लावणीच होत नाही. शेंडे कशाचे छाटणार? गुलाबी खोडकिड्याची अंडी पानाच्या आवरणात दडलेली असल्यामुळे ट्रायकोग्रामालाही तेथवर पोहोचणे अवघड जाते. कामगंध सापळ्याचे तर काही विचारायलाच नको. सापळ्यातील गंध विशिष्ट जातीच्या मादीचा असतो. पिवळ्या खोडकिड्याची गोळी लावून गव्हात बसलेला शेतकरी रिकामा सापळा पाहून कीड नसल्याचे समाधान मानील. उसन्या परिच्छेदाने केलेली ही सर्वांत मोठी हानी म्हणावी लागेल, कारण येथे नुसता खर्च वाया जात नाही, खोटा दिलासाही मिळतो.

या गोंधळाच्या मुळाशी 'खोडकिडा' हा शब्दच आहे. मराठीत तो जातिवाचक आहे की व्यक्तिवाचक, हे कोणी ठरवलेलेच नाही. ज्वारीचा खोडकिडा, भाताचा खोडकिडा, उसाचा खोडकिडा हे तिन्ही वेगवेगळे जीव. त्यातच नावाच्या अंगाने गुलाबी खोडकिडा गुलाबी बोंडअळीच्या जवळ आणि खोडमाशी खोडकिड्याच्या जवळ येऊन बसते. लोकभाषेने लक्षणावरून नाव दिले, यात तिचा दोष नाही. शेतकऱ्याने पोंगेमर म्हटले तेव्हा त्याने पाहिलेले तंतोतंत सांगितले. लक्षणाचे नाव कारणाला चिकटवणारा लेखक मात्र शिकलेला असतो. गंमत अशी, की हीच गुलाबी अळी भात, मका, ऊस, ज्वारी, नाचणी अशा अनेक पिकांवर जगते. म्हणजे एका नावाखाली अनेक किडी आणि एका किडीची पिकागणिक अनेक प्रकरणे, असा दुहेरी पेच आहे. पीकवार प्रकरणे पाडणाऱ्या पुस्तिकेला मक्यातून गव्हात आलेली अळी दिसतच नाही, कारण मका खरिपाच्या प्रकरणात संपलेला असतो.

संकेत गळालेली पातळी

'आर्थिक नुकसानीची पातळी' हा शब्दप्रयोग आता शेतीच्या मराठीत पुरता मुरला आहे. ही संकल्पना १९५९ मध्ये स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात मांडली. त्यांनी दोन पातळ्या वेगळ्या केल्या होत्या. एक, किडीची जी संख्या झाल्यावर नुकसान उपायाच्या खर्चाइतके होते ती. आणि दुसरी, ती संख्या गाठली जाऊ नये म्हणून ज्या आधीच्या टप्प्यावर हालचाल करायची तो. मराठीत दुसरीसाठी 'आर्थिक नुकसान संकेत पातळी' अशी नेटकी संज्ञा घडवली गेली. संकेत म्हणजे इशारा. शब्द चांगला बसला आहे. पण लेखनात घाई झाली की 'संकेत' गळतो, आणि दोन्ही पातळ्या एक होतात. इशाऱ्याच्या जागी नुकसान येते. खोडात शिरणाऱ्या किडीच्या बाबतीत ही गळती विशेष महागात पडते, कारण उपायाचा काळच मुळात अंडी फुटण्यापासून अळी आत शिरेपर्यंतचा, म्हणजे फार थोडा असतो.

टक्केवारीचेही तसेच. अमुक टक्के प्रादुर्भाव, असे लिहिले जाते. कशाचे टक्के ते सांगितले जात नाही. समजा, शंभर झाडे पाहिली, प्रत्येकाला पाच फुटवे आहेत आणि दहा झाडांवर एकेक फुटवा वाळला आहे. झाडे मोजली तर प्रादुर्भाव १० टक्के, फुटवे मोजले तर २ टक्के. एकाच रानाविषयी हे दोन्ही आकडे खरे आहेत. गहू नवे फुटवे काढून सुरुवातीची तूट काही प्रमाणात भरून काढतो. निसवल्यानंतरच्या पांढऱ्या ओंबीची भरपाई मात्र नाही. तेव्हा पोंगेमरीचे दोन टक्के आणि पांढऱ्या ओंब्यांचे दोन टक्के एका मापाने मोजता येत नाहीत. नामाशिवाय टक्केवारी लिहिणे ही भाषेची चूक आहे, गणिताची नव्हे.

करावी, घ्यावी, नष्ट करावीत

या लेखनाचे प्रधान क्रियारूप विध्यर्थी आहे. पेरणी करावी, निरीक्षण करावे, फवारणी घ्यावी. मराठीतील विध्यर्थ मोठा सोयीचा आहे. त्यात आज्ञा असते पण आज्ञेचा कठोरपणा नसतो. सोयीचे आणखी एक कारण असे, की त्यात कर्ता सांगावा लागत नाही. फवारणी करावी, कोणी? पुस्तिकेचा गृहीत वाचक शेतमालक आहे. पंप मात्र बहुतेक वेळा मजुराच्या पाठीवर असतो, आणि टाकीत पाणी आणून ओतणारी बहुधा बाई असते. तिला उद्देशून या गद्यात एकही वाक्य नसते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. ते पीक वेगळे आणि कीडही वेगळी. त्या घटनेची कारणे अनेक होती आणि ती भाषेपुरती मर्यादित नव्हती, हे सांगायला हवे. तरीही हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा यांविषयीचे वाक्य शेवटच्या ओळीत, सर्वांत बारीक टंकात आणि तेही कर्त्यावाचून का येते, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणांचा अर्थ सांगणारा परिच्छेद मी पुस्तिकांतून शोधत असतो, क्वचितच सापडतो.

विध्यर्थाचा दुसरा दोष कालविषयक आहे. 'करावी' या रूपाला तारीख नसते. ते कालही तेच म्हणत होते आणि उद्याही म्हणेल. खोडमाशी व खोडकिडा यांच्यासाठी वर्षानुवर्षे ज्याचे नाव घेतले जाई त्या दाणेदार फोरेटवर केंद्र शासनाने २०१८ च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आणली. एंडोसल्फान त्याआधीच, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. चुलत्यांनी माझ्यापुढे टाकलेल्या पुस्तिकेत ही दोन्ही नावे होती. ती छापली गेली तेव्हा सल्ला नियमाला धरून असेलही, पण पुस्तिकेवर प्रकाशनवर्ष नव्हते. साहित्यकृतीला कालातीत म्हणणे हा गौरव असेल. सल्ल्याच्या बाबतीत तो दोषारोप आहे.

तिसरे क्रियापद या सर्वांहून अवघड. धसकटे व काडीकचरा वेचून नष्ट करावा, हे वाक्य खोडकिड्याच्या प्रत्येक प्रकरणात येते. मागील पिकाच्या धसकटांत अळ्या व कोष टिकून राहतात, तेव्हा वाक्याला आधार आहे. पण नष्ट म्हणजे काय? जाळावी, पुरावी, कंपोस्ट खड्ड्यात घालावी, की जनावरांपुढे टाकावी? पूर्वी या शब्दाचा अर्थ कोणी विचारत नसे, कारण काडी ओढून सर्वांना तो ठाऊक होता.

उत्तरेत हा शब्द आज वादाचा झाला आहे. पंजाब-हरयाणात भातानंतर लगेच गहू होतो. भाताचे काड पेटवण्यावर तेथे निर्बंध आहेत, आणि काड तसेच राखून त्यातच गहू पेरणारी हॅपी सीडरसारखी यंत्रे आली आहेत. जमिनीला आणि हवेला हे हितकारकच. तथापि २०२४ च्या पेरणीनंतर पंजाबातून गुलाबी खोडकिड्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा न जाळलेल्या काडाकडे शेतकऱ्यांनी बोट दाखवले. काड राखल्याने कीड वाढतेच असे सरसकट विधान करता येत नाही, कारण त्याच काडाच्या आश्रयाने कोळी आणि भुंगेरे असे मित्रकीटकही राहतात. लवकर पेरलेल्या गव्हात, थंडी पडण्यापूर्वी, पतंगांना कोवळे पीक मिळते, हाही भाग आहे. तेथील कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात म्हणूनच दोन गोष्टी लक्ष वेधतात: जेथे ही कीड येते तेथे गहू फार लवकर पेरू नये, आणि पाणी दिवसा द्यावे, म्हणजे अळ्या पक्ष्यांना टिपता येतात. दुसरे वाक्य वाचून मला विशेष आनंद झाला. त्यात कारण आहे, कर्ता आहे, आणि तो कर्ता पक्षी आहे. आपल्याकडे ते जसेच्या तसे आणता येईल का? आमच्या भागात शेतीची वीज पाळीने येते, आणि पाळी रात्रीची असली तर पाणी रात्रीच द्यावे लागते. त्या वाक्याला महाराष्ट्रात एक अट जोडावी लागेल.

अटीसह सल्ला कसा दिसतो, याचे एक दूरचे उदाहरण नोंदवतो. उत्तर अमेरिकेच्या गवताळ पट्ट्यात गव्हाचे खोड पोखरणारी करवतमाशी हा शंभर वर्षांहून जुना प्रश्न आहे. ती पतंगवर्गातली नव्हे, तेव्हा तिचे उपाय इकडे उचलण्याचे कारण नाही. तसे केले तर वर ज्याची टीका केली तोच अपराध माझ्याकडून घडेल. पण खोडातील अळीपर्यंत औषध पोहोचत नाही, हे तेथे ओळखले गेले आणि पोकळ खोडाऐवजी भरीव खोडाचा गहू पैदा करण्याकडे संशोधन वळले. १९४६ मध्ये कॅनडात 'रेस्क्यू' हा असा वाण आला. या वाणांविषयी लिहिताना एक अट सोबत सांगितली जाते: खोड वाढताना आभाळ ढगाळ राहिले तर ते पुरेसे भरीव होत नाही आणि संरक्षण कमी पडते. उपाय कधी फसेल हे सांगण्याचा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या घडीपत्रिकेत फसणाऱ्या उपायाला जागाच नसते.

पुनर्लेखनाचा एक प्रयत्न

केवळ दोषदिग्दर्शन करून थांबू नये, म्हणून मागील हंगामात मी गव्हाच्या खोडकिड्यावरील एक पान नव्याने लिहून पाहिले. महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाच्या सहकाऱ्याने वस्तुस्थिती तपासली. वर महिना आणि वर्ष घातले. पहिले वाक्य पोंगा उपटून पाहण्याचे केले. खोडमाशी, खोडकिडा आणि वाळवी यांतला फरक बोटांना व नाकाला कळेल अशा शब्दांत दिला. टक्केवारी फुटव्यांची, हे स्पष्ट केले. फवारणाऱ्याविषयीची वाक्ये औषधाच्या नावाआधी आली, आणि त्यांना कर्ता दिला: "पंप ज्याच्या पाठीवर आहे त्याने". विध्यर्थ टाळता आला नाही. मराठीत सल्ला द्यायचा तर तो लागतोच.

अडलो ते धसकटांच्या वाक्यावर. सहकाऱ्याचे म्हणणे, मक्याची धसकटे नांगरून खोल गाडा. चुलत्यांचे म्हणणे, नांगरटीचे भाडे कोण देणार, आणि तेवढा वेळ मिळाला तर पेरणी उशिरा जाऊन दाणा बारीक राहील त्याचे काय? जाळा, असे लिहिण्यास मी तयार नाही. काड राखून पेरणाऱ्याला वेगळे वाक्य लागेल, मक्यानंतर पेरणाऱ्याला वेगळे, सोयाबीननंतर पेरणाऱ्याला कदाचित या वाक्याची गरजच नाही. तीन वाक्ये लिहिली, तर पान दोन पानांचे होते आणि घडीपत्रिकेत मावत नाही. चुलत्यांनी ते पान कणगीशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवले आहे. धसकटांची ओळ अजून कोरी आहे.